मूळ नाव

सी लँग्वेजच्या प्रॅक्टिकलला चैतालीचा प्रोग्राम पुन्हा कोसळला. तिनं अवतरणचिन्हांत स्वतःचं नाव लिहून त्यातलंच एक अक्षर बदलायला घेतलं होतं. "किती वेळा सांगू? असं लिहिलेलं नाव मेमरीत फक्त वाचायला असतं," मी खेकसले. "ॲरेत प्रत घे आणि प्रत बदल." तिनं तसं केलं, प्रोग्राम चालला. "मॅडम, मूळ नाव तसंच ऱ्हातं?" "प्रोग्राम संपेपर्यंत." रविवारी लिंबागणेशला तिचं लग्न झालं, मीही गेले होते. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, वैष्णवी. चैतालीनं माझ्याकडं पाहिलं. "सोमवारी येते, मॅडम. शिकू देतो म्हनलेत." "वैष्णवी, आता कशाला कालेज? लई शिकलीस," सासू म्हणाली. तिनं खाली बघत ओ दिली. महिना झाला. हजेरीपटात मूळ नाव तसंच आहे. मी ते रोज पुकारते, थांबते आणि पुढचं नाव घेते.