मधला रस्ता

"वायफायचाच पुरे," म्हणत शिरीषने सिमवाला टॅब्लेट काउंटरवर परत ठेवला. नीलिमाने तो पुन्हा उचलला.

सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या मॉलमधली, दुकानातली चिनी मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. सिमवाला स्वस्तात पडेल, पण दोन वर्षांचा डेटा प्लॅन बांधून घ्यावा लागेल आणि त्यासाठी नोकरीचा पास दाखवावा लागेल, असं तिने सांगितलं. शिरीषने खिसे चाचपले आणि कार्ड ऑफिसात राहिलं म्हणाला.

"दोन वर्षं कशाला अडकून पडायचं? घरात वायफाय आहे, शाळेत आहे."

"आणि मधल्या रस्त्यात?"

"मधल्या रस्त्यात पोरीने चालावं."

दुकानातल्या मुलीला मराठी कळत नव्हतं, तरी ती हसली. नीलिमाला हसू येईना. भीती त्या मधल्या रस्त्याचीच होती.

तेरा वर्षांच्या गार्गीला फोन द्यायचा नाही, हा बापाचा नियम. गेल्या आठवड्यात ती शाळेतून आली ती धापा टाकतच. कडी लावून दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि मग रडत रडत सांगितलं. एक माणूस रोज मागे येतो. काळी टोपी, तोंडावर मास्क. शाळेच्या फाटकापासून थेट आपल्या इमारतीपर्यंत, लांबून. ती थांबली की तोही थांबतो. वळून नीट बघायची तिची छातीच होत नव्हती.

"बाबाला सांगू नको, प्लीज," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "तो मला परत स्कूल बसमध्ये कोंबेल, लाह."

नीलिमाने सांगितलं नाही. शिरीषची झोप आधीच उडालेली होती. रात्री कधी जाग आली तर हा आढ्याकडे बघत पडलेला असायचा. त्यात आणखी हा घोर कशाला, असं तिला वाटलं.

ती स्वतःच पोरीला आणायला जाऊ लागली, तर तो माणूस फिरकलाच नाही. मैत्रिणी चिडवतात म्हणून गार्गी पुन्हा एकटी निघाली आणि त्याच दिवशी तो हजर. म्हणजे तो नीलिमाला ओळखत होता. त्या दिवसापासून तिला मासेवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, खालच्या मजल्यावरचा म्हातारा, सगळेच काळ्या टोपीचे दिसायला लागले. शेजारची सुरेखा असती तर निदान तिच्यापाशी बोलता आलं असतं. पण तिच्या नवऱ्याची नोकरी गेली, नोकरीबरोबर इथे राहायचा पास गेला आणि महिन्याभरात चंबूगबाळं आवरून ती पुण्याला परतली होती.

दप्तरात सिमवाला टॅब्लेट असला तर पोरगी रस्त्यातून निरोप तरी पाठवेल, कुठे आहे ते घरबसल्या दिसेल. एवढंच तिला हवं होतं. आणि नवरा दोन वर्षं, दोन वर्षं करत बसला होता. त्या दिवशी दोघं हात हलवत घरी आली.

शुक्रवारी सकाळी नीलिमाने कारल्याची भाजी केली, थोडी रागानेच. एके काळी कारलं म्हटलं की शिरीषचं तोंड वाकडं व्हायचं. शुक्रवारी तर डबाच नको असायचा, ऑफिसची मंडळी मिळून हॉकर सेंटरच्या स्टॉलवर जेवायला जायची. हल्ली मात्र शुक्रवारीही डबा लागायचा आणि चाटूनपुसून लख्ख परत यायचा. तिने डबा खणाच्या पिशवीत घातला. जुन्या ब्लाउजपीसची ती पिशवी तिनेच शिवली होती.

"एसीत बसून एवढा रापलास कसा रे?" तिने विचारलं.

दुपारी चालायला जातो, डॉक्टरांनी सांगितलंय, असं तो म्हणाला आणि डबा सॅकमध्ये ठेवून बूट घालायला बसला.

"शिरीष, प्लॅन घेऊ या रे. रस्त्यात पोरीला काही झालं तर?"

"काही होत नाही तिला. माझं लक्ष आहे."

"तिकडे चांगीच्या ऑफिसात बसून?"

तो वाकून नाडी बांधत राहिला. मग लिफ्टकडे गेला.

नीलिमाने तेव्हाच ठरवलं. आता देवावर हवाला ठेवून भागणार नव्हतं. गार्गीला न सांगता ती भरदुपारी, शाळा सुटायच्या आधीच खाली उतरली आणि इमारतीखालच्या मोकळ्या जागेत एका जाड खांबाआड उभी राहिली. मुठीत लाल तिखटाची पुडी होती.

गार्गी आली, मान खाली घालून, जवळजवळ पळतच. आणि मागे, बऱ्याच अंतरावर, काळी टोपी. नीलिमा खांबाआड आणखी सरकली.

गार्गी लिफ्टमध्ये शिरली. माणूस बाहेर थांबला आणि मान वर करून चौथ्या मजल्याचा कॉरिडॉर बघत राहिला. नेमका त्यांचाच मजला. वरून दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे तो मागे फिरला आणि नीलिमाकडे पाठ करून दगडी बाकावर बसला.

तिने पुडी फाडली. ती चालत गेली. आज या मेल्याला सोडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. ती अगदी त्याच्या मागे पोचली. तिखटाची मूठ वर उचलली.

माणसाने टोपी काढून बाकावर ठेवली, मास्क हनुवटीखाली ओढला, सॅकमधून खणाची पिशवी काढली आणि कारल्याच्या भाजीचा घास पोळीत गुंडाळला.