डेलिलीचे फुटवे

डेलिलीच्या बेटातला आणखी एक फुटवा गेला होता. खड्डा बुजवून माती वरून थापटलेली, तिच्यावर सुकी पानं पसरलेली. पण आनंदीबाईंच्या डोळ्यांत धूळ फेकणं इतकं सोपं नव्हतं. गुरांनी खाल्लं म्हणावं, तर कुठलं जनावर जाताना माती थापटून जातं?

किरमिजी पाकळ्यांची, आत पिवळ्या गळ्याची ही डेलिली अख्ख्या गिरीज गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय आनंदीबाई त्याला सोडत नसत. फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, दिवेलागणीला मान टाकतं. त्यामुळे उठल्यावर आधी बेटाशी फेरी, मग चहा, असा त्यांचा नेम होता. आता बेट एका बाजूने विरळ दिसायला लागलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कुंपणापलीकडच्या रोझलीनने नाताळात विचारलं होतं, "एक फुटवा दे की गं." आनंदीबाईंनी "पाऊस लागू दे, मग बघू" म्हणून वेळ मारून नेली होती. संशयाला एवढं पुष्कळ झालं.

"रोझलीन, नवीन काही लावलंस का गं बागेत?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.

रोझलीन कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिचा हात थांबला. "सरळ विचार ना, आनंदीबाय. ये, फाटक उघडं आहे. झडतीच घे घराची."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत आनंदीबाई मागे फिरल्या. संध्याकाळी, घरात कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनी बेटाभोवती रांगोळी भुरभुरवून ठेवली.

सकाळी रांगोळी तुडवलेली होती. चपलांचे पांढरे ठसे मात्र कुंपणाकडे गेलेच नव्हते. ते त्यांच्याच घराच्या मागच्या दारावरून, विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीकडे गेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! खोलीच्या मागे गोणपाटाखाली रंगाचे रिकामे डबे होते. तळाला भोकं पाडलेली, आणि प्रत्येक डब्यात एकेक फुटवा, पानं अर्ध्यावर कापलेला. लावण्याआधी पानं अशी अर्ध्यावर कापायला आनंदीबाईंनी एकाच माणसाला शिकवलं होतं. मेघनाला, त्यांच्या सुनेला.

आधी त्यांचा पारा चढला. मग त्या डब्यांकडे बघत राहिल्या. चारी बाजूंना एवढी वाडी पसरलेली असताना डब्यात कोण लावतं? ज्याला राहत्या घरी माती मिळणार नाही, तो. फ्लॅटच्या गॅलरीत झाडं लावणारा.

त्यांचा मुलगा उमंग कामणच्या गोदामावर कामाला निघायच्या घाईत होता. त्याच्यापुढे चहा ठेवत आनंदीबाईंनी खडा टाकून पाहिला.

"यंदा पावसाआधी मागची खोली वाढवू या का रे? तुम्हाला दोघांना मोकळं होईल."

"बघू ना, आई." त्याने कपातून डोळे वर केले नाहीत. "एवढी काय घाई आहे?"

मेघना पटकन उठली आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

म्हणजे वेगळं राहायला जायचं ठरलेलं होतं. कुठे, कधी, ते देव जाणे. जायचं तर जा म्हणावं, गावात कुणाची पोरं गेली नाहीत? पण मला कळू न देता? मी काय दारात आडवी पडणार होते? आता खरं सांगायचं तर त्या पडल्याच असत्या, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनासुद्धा.

उमंग गेल्यावर त्या पुन्हा पंपाच्या खोलीमागे गेल्या. दोन फुटवे पिवळे पडले होते. एक हलकेच ओढून पाहिला, तर तो सरळ हातात आला. खाली मुळी नावालाही नव्हती. कुणी बघेल या धास्तीने पोरीने नुसते हिसडून काढले होते. असे कसे जगतील?

त्यांनी फुटवा होता तसा खोचून ठेवला. मग कुदळ आणली आणि बेटातल्या सगळ्यांत जोमदार, कळ्यांचा दांडा आलेल्या फुटव्याभोवतीची माती लांबूनच सैल केली. मुळ्यांना धक्का लागू दिला नाही. कुदळ तिथेच टेकवून ठेवली आणि घराकडे तोंड करून त्या मोठ्याने म्हणाल्या, "मेघना, मी रोझलीनकडे जाते गं. जेवायच्या वेळेपर्यंत काही येत नाही!"

रोझलीन ओट्यावरच बसली होती. चेहरा फुगलेला. "काय, झडती घ्यायला आलीस?"

"चहा टाक. माझं चुकलं."

रोझलीनने आत जाऊन चहा टाकला. आनंदीबाईंनी आपली खुर्ची फिरवून घेतली आणि स्वतःच्या वाडीकडे पाठ करून बसल्या. चहाचे कप घेऊन बाहेर आलेली रोझलीन दारातच थबकली.

"आनंदीबाय! अगं, तुझी सून बघ. तुझ्या बेटातच कुदळ घालतेय!"

आनंदीबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तिकडे बघू नकोस," त्या म्हणाल्या. "मागून नेलेलं रोप लागत नाही. चोरलेलंच लागतं."