तपासणीचे मासे

जुन्या बॅटऱ्या दळून धातू काढणाऱ्या आमच्या कारखान्याच्या दाराशी हौद आहे. सांडपाणी शुद्ध करून त्यात आणि तिथून ओढ्यात सोडतात. पर्यावरण तपासायला प्रांताच्या कचेरीतून येणारे साहेब यंत्रं मागाहून बघतात, आधी हौदातले लाल मासे. ते आठवडाभरही जगत नाहीत, म्हणून तपासणीच्या पहाटे मी ओढ्याच्या खालच्या अंगाला, लियाओकाकांच्या तळ्यावर बादली घेऊन जातो. काका हसायचे, "परीक्षा तुझ्या मॅनेजरची आणि पेपर माझ्या पोरांनी लिहायचा!" आज काका काठावर उभे होते. तळ्यावर पांढरी पोटं तरंगत होती, या काठापासून त्या काठापर्यंत. मी बादली खाली ठेवली. मॅनेजरचा फोन आला, "नऊला साहेब येताहेत, मासे कुठायत?" काकांनीच बादली हातात दिली. "कारखान्याच्या वरच्या अंगाला जा, तिकडचे जिवंत असतील. माझ्यासाठीही थोडे आण." "कशाला, काका?" "उद्या तळं विकत घ्यायला गिऱ्हाईक येतंय."