कूबाईंचा शिक्का

क्लासच्या मालकीण कूबाईंनी शिक्क्याची रेशमी पिशवी टेबलावर ठेवली, पण तिची नाडी सोडली नाही.

“घाई काय आहे, ब्रॉना टीचर? आधी चहा घ्या.”

चहा जवाचा होता आणि सकाळचा होता. ब्रॉनाने तो घेतला. कागद तिने स्वतःच टाइप करून आणला होता, तीन प्रतींत. मजकूर एका ओळीचा: या बाईंनी आमच्याकडची नोकरी सोडून दुसरीकडे शिकवायला आमची हरकत नाही. कोरियातले परदेशी मास्तर त्याला सोडचिठ्ठी म्हणतात, आणि ती मिळवताना जो संसार आठवतो तो पाहता नाव अगदीच चुकीचं नाही. त्या ओळीखाली कूबाईंचा लाल शिक्का उमटला, की सोमवारपासून मोक्पोला नवी नोकरी. नाही उमटला, की व्हिसा रद्द आणि विमानाने परत आयर्लंडला, स्लायगोला, आईच्या घरी. तिथे तिच्या खोलीत आता धाकट्या भावाची व्यायामाची सायकल राहत होती.

चंगजूच्या या इंग्रजी क्लासात ब्रॉनाने नऊ महिने काढले होते. करारात रोजचे सहा तास लिहिले होते. सहानंतरच्या तासांना कूबाई ‘प्रेम’ म्हणत. राहायची खोली तळलेल्या कोंबडीच्या दुकानावर होती. घरी पाठवलेल्या स्वेटरलाही कोंबडीचा वास होता, असं आईने कळवलं होतं. जानेवारीत ब्रॉना तापाने फणफणली, तेव्हा कूबाई स्वतः जिनसेंगचं सूप घेऊन खोलीवर आल्या. जवळ बसून त्यांनी तिला सूप पाजलं, आणि जाताना तिला बरोबर घेऊन गेल्या. पाचचा तास होता.

मोक्पोचं मात्र वेगळं होतं. तिथली नोकरी सोडणाऱ्या मास्तराशी ब्रॉना फोनवर बोलली होती. कॉर्मॅक त्याचं नाव, आणि निघाला मेयोचा, म्हणजे स्लायगोच्या शेजारच्याच जिल्ह्यातला.

“अगं, डोळे मिटून ये,” तो म्हणाला होता. “घरच्यासारखं आहे. सहाला सुट्टी. खिडकीतून समुद्र दिसतो.”

“मग तू का सोडतोयस?”

“लग्न ठरलंय. मुलगी सोलची.”

तेवढ्यात फोनमध्ये कोणीतरी गारठलेल्या हातांवर फुंकावं तसा ‘हाऽऽ’ असा आवाज आला होता, आणि लगेच ‘धप्’.

“काय पडलं रे?”

“मांजर,” तो म्हणाला. “क्लासातलं मांजर आहे. सारखं टेबलावर उडी मारतं.”

जिथे मांजर पाळतात तिथली माणसं वाईट नसतात, असं ब्रॉनाचं मत होतं. त्या संध्याकाळीच तिने सुक्या मासळीचं एक पाकीट आणून पर्समध्ये टाकलं होतं.

“एकच छोटं काम आहे,” कूबाई म्हणाल्या. “तुमच्या जागी लीझल टीचर येतायत, दक्षिण आफ्रिकेतून. गोड मुलगी आहे. पण तिला आधीच्या टीचरशी बोलायचंय. हल्ली सगळ्यांनाच बोलायचं असतं.”

“काय बोलू मी?”

“खरं असेल ते बोला.” कूबाईंनी पिशवीची नाडी सोडली. “तुम्हाला इथे किती आवडलं, ते.”

“आणि मला जे आवडलं नाही, ते?”

“तेही बोला की!” कूबाई हसल्या. “मी आईसारखी आहे, मला काय वाटणार? मग लीझल येणार नाहीत. वर्ग रिकामा राहील. आणि वर्ग रिकामा असताना कोणती आई मुलीला घर सोडून जाऊ देईल?”

त्यांनी फोन लावून तिच्या हातात दिला.

लीझल धापा टाकत बोलत होती. तिची सामानाची बांधाबांध चालली होती. आपली नोकरी सोडलीसुद्धा, म्हणाली, घरमालकाला किल्ल्या दिल्या, फक्त तुमच्याशी बोलायचं राहिलं होतं. “एकच विचारते, पण अगदी खरं सांगा हं. तुम्ही माझ्या जागी असता, तर आला असता?”

शिक्का पिशवीतून बाहेर आला होता. कूबाईंनी तो लाल शाईत दाबला आणि वाट पाहत बसल्या. बाहेर मुलं बूट काढून सपाता घालत होती.

“घरच्यासारखं आहे,” ब्रॉना म्हणाली. “सहाला सुट्टी.”

“मग तुम्ही का सोडताय?”

“मला समुद्राजवळ राहायचंय.” नऊ महिन्यांत या टेबलाशी बसून बोललेलं तिचं हे पहिलं खरं वाक्य असावं.

कूबाईंनी समाधानाने मान डोलावली. शिक्का तोंडाजवळ नेला, शाई वाळू नये म्हणून त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली, ‘हाऽऽ’, आणि सगळा भार देऊन कागदावर दाबला. धप्.

दुसरी प्रत. हाऽऽ. धप्.

ब्रॉना शिक्क्याकडे बघतच राहिली.

“अहो, काय पडलं?” लीझलने विचारलं.

कूबाईंनी तिसरी प्रत पुढे ओढली. पण शिक्का हवेतच धरून त्या थांबल्या, आणि त्यांनी ब्रॉनाकडे पाहिलं.

“मांजर,” ब्रॉना म्हणाली.

धप्.

“अय्या, क्लासात मांजर!” लीझलचा आवाज एकदम निर्धास्त झाला. “मग तर मी येतेच. त्याच्यासाठी काय आणू?”

ब्रॉनाने पर्स उघडली आणि पाकीट काढून कूबाईंच्या टेबलावर ठेवलं.

“काही नको,” ती म्हणाली. “सुकी मासळी मी इथेच ठेवून जातेय.”