सहा महिन्यांची मुदत

सोमशेखर सकाळपासून तिसऱ्यांदा केसांवरून कंगवा फिरवत होता. पेट्रोल पंपाच्या कडेला लावलेल्या व्हॅनमध्ये बसायचं, गाड्यांचा धूर तपासायचा आणि पास झाली की पीयूसीचं सर्टिफिकेट द्यायचं, या कामाला कंगवा कशाला लागतो? पण सर्टिफिकेटची मुदत सहा महिन्यांची, आणि पवित्राबाईंच्या स्कूटरची मुदत आज संपत होती.

बाई शिवाजी पेठेतल्या शाळेत शिकवायच्या. अंगाने सडपातळ, पण चालवायच्या वडिलांची जुनी, गियरची स्कूटर. चार वर्षांत ती एकदाही नापास झाली नव्हती. यायच्या आधी बाई घरीच प्लग घासायच्या, एअर फिल्टर धुवायच्या, पेट्रोलात तेल मापून घालायच्या. दोन मिनिटांत गाडी पास, आणि मग याने सहा महिने वाट बघायची. लोकांच्या खटारा गाड्या दोन-दोनदा येतात, हिचीच मेली एवढी गुणी कशाला, असं त्याच्या मनात यायचं. दोघांचंही लग्नाचं वय उलटून गेलेलं. दर खेपेला तो बोलायचं ठरवायचा आणि दर खेपेला फक्त गाडीचा नंबर विचारायचा. तो तर त्याला केव्हाचा पाठ होता.

आज स्कूटर जरा जड आवाज करत आली. त्याचं लक्ष बाईंकडे होतं.

"ही शेवटचीच खेप बघा," बाई म्हणाल्या. "चंदगडला बदली झालीया. सोमवारी हजर व्हायचं. गाडी भावाला देऊन टाकणार हाय."

"चंदगड," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक.

बाई सावलीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्याने मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि तसाच बसून राहिला. मग त्याला चोक आठवला. चालू गाडीचा चोक ओढला की पेट्रोल जास्त जळतं, धूर वाढतो आणि चांगली गाडीही नापास होते. नापास गाडीला परत यावं लागतं. चार वर्षांत त्याने कुणाच्या आकड्यात काडीचाही फरक केला नव्हता. आज मात्र तो कार्बोरेटर बघायच्या निमित्ताने खाली बसला आणि सीटखाली हात घातला.

चोक आधीच ओढलेला होता.

त्याने हळूच हात मागे घेतला. मशीनवरचा धुराचा आकडा पास व्हायची साडेचारची हद्द ओलांडून सहावर गेला होता.

"काय झालं?" बाईंनी मागे न बघताच विचारलं.

"नापास."

"मग परत यावं लागंल न्हवं?"

"लागतंय की," सोमशेखर म्हणाला, आणि गाडीचा नंबर त्याने पहिल्यांदाच न विचारता लिहिला.