तज्ज्ञ साक्षीदार

जुगाराच्या मशीनचा कायदा नुकताच कडक झाला होता. दुकानात मशीन ठेवणाऱ्याला पाच वर्षं कैद, बनवणाऱ्याला दहा. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या दुकानवाल्या मावशी रडवेल्या होऊन सांगत होत्या, "मला तो साधा खेळ वाटला हो!"

तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या मेकॅनिकने मशीन उघडून आतलं सर्किट दाखवलं. "हा जुगारच आहे, साहेब. पण बाहेरून कुणालाच कळणार नाही. मावशींना तर नाहीच नाही."

"इतकं छातीठोकपणे कसं सांगता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कळू नये असंच बनवलंय मी."

न्यायाधीशांचं पेन थांबलं. "दहा वर्षं आहेत, माहितीये ना?"

"हो. कायदा वाचूनच आलोय."

मावशी सुटल्या. मेकॅनिकला न्यायला आलेल्या हवालदाराने बेडी हातात घेतली खरी, पण ती घालायला त्याचा हात काही उचलेना.