पांढऱ्यावर पांढरं

ताटली पांढरी, खालची चादर पांढरी, मागची भिंतही पांढरी. रीनानं कॅमेऱ्यातून पाहिलं तर ताटलीचा काठ कुठं दिसेचना. ती सगळीच्या सगळी चादरीत विरघळून गेली होती.

तिनं काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापल्या आणि फोटोत येणार नाहीत अशा बेतानं ताटलीच्या दोन्ही बाजूंना उभ्या केल्या. काठावर पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक रेघ उमटली. ताटली परत दिसायला लागली.

"झालं का?" दारातून यादोरावांनी विचारलं.

"आत्ताच तं सुरू केलं, बाबा."

"चांगले काढजो. एकदम नवा दिसला पाहिजे."

रीना भंडाऱ्याला एका भांड्यांच्या दुकानात कामाला होती. दुकानाचा माल ऑनलाइन विकला जाई, त्याचे फोटो काढायचं काम तिचं. पवनीहून सकाळच्या बसनं जायचं आणि दिवसभर कप, वाट्या, चमचे उजेडात मांडायचे. आज रविवार होता. आज टेबलावर होता तो रिताचा डिनर सेट.

रिता तिची मोठी बहीण. आंदणात मिळालेला हा सेट घेऊन ती लाखनीला सासरी गेली, आणि यंदाचा पावसाळा सरता सरता तापानं वारली. तिची लहान पोर तिकडंच, आजीजवळ होती. मागच्या आठवड्यात रिताचा नवरा भुपेंद्र स्वतः सेटचं खोकं घेऊन आला होता. "तुमची वस्तू तुमच्याकडं असावी," एवढंच म्हणाला. चहा घेता घेता काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं रीनाला तिच्या कामाबद्दल विचारलं. असे फोटो घरीही काढता येतात का?

"येतात ना, भाऊजी," ती म्हणाली होती. "चांगली खिडकी असली का झालं."

रिता गेल्यापासून रीना रडली नव्हती. बाया म्हणायच्या, पोरीनं धसका घेतला. तसंही काही तिला वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. तिसरा झाल्यावर ती दुकानात गेली आणि काचेच्या बरण्यांचे फोटो काढून आली.

खिडकीला तिनं पातळ पडदा लावला. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा टेकवला. सावली फिकट झाली, पण पुसली गेली नाही. तेवढी ठेवावी लागते, नाहीतर भांडं हवेत लटकल्यासारखं दिसतं.

ललिताबाई बाजूला बसून एकेक भांडं पदरानं पुसत होत्या आणि लेकीच्या हातात देत होत्या. देताना वर पाहत नव्हत्या.

चमच्यांनी वेळ खाल्ला. चमच्यात खिडकी दिसायची, कॅमेरा दिसायचा, लाल कुडत्यातली रीना दिसायची. शेवटी तिनं अंगावर पांढरी चादर ओढून घेतली. चमचा स्वच्छ झाला. त्यात ती कुठंच उरली नाही.

दुपारी तिनं लॅपटॉप उघडला. उजेड वाढवला तसा एकेक डाग वर आला. वाटीच्या तळाशी हळदीचा पिवळेपणा होता. ताटलीवर चमच्याच्या बारीक ओरखड्यांचं जाळं होतं. रिता वरणभातही चमच्यानं खायची. बाबा तिला चिडवायचे, "बालिस्टरीणबाई, हाताले काय झालं?"

रीनानं ओरखडे पुसले. मग हळद पुसली. बोट सराईतपणे चालत होतं. पुसलेल्या जागी आधी काय होतं ते दोन मिनिटांनी तिलाच सापडलं नसतं.

"बाबा, या वाटीले टवका गेला हाय. तो राहू देऊ का?"

"मिटवून टाक."

"घेणाऱ्याले खरं कळलं पाहिजे ना. मागून वापस करतेत लोक. दुकानात रोज पाहतो मी."

"तो नाही करत वापस."

"कोणाले विकून राहिले?"

यादोरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "घरचाच माणूस हाय."

"राहू द्या ना तो टवका," ललिताबाई एकदम म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्या बोलल्या. "माह्या रिताच्या हातून गेला असन तो."

यादोरावांनी बायकोकडं पाहिलं. त्या उठल्या आणि चुलीकडं गेल्या. चहाची वेळ अजून झाली नव्हती, तरी त्यांनी आधण ठेवलं.

रीनानं टवका मिटवला.

फोटो खरंच सुंदर आले होते. दुकानासाठीही तिनं इतके चांगले कधी काढले नव्हते. कुठं मळ नाही, ओरखडा नाही, कोणाचा हात लागल्याची खूण नाही. सेट जणू आजच खोक्यातून निघाला होता. पाहता पाहता तिला वाटलं, आता तरी रडू येईल. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग फोटो बाबांच्या मोबाइलवर पाठवून दिले.

ती ताटल्या पेपरात गुंडाळत होती तेव्हा यादोरावांचा फोन वाजला. ते बोलत बोलत अंगणात गेले. "हो, हो. पोरीनंच काढले. हो जी, तिचाच हात हाय," एवढं आत ऐकू आलं. बोलणं बराच वेळ चाललं.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला होता. खूप दिवसांनी ते खुर्चीला पाठ टेकून बसले. ललिताबाईंनी चहा आणून ठेवला आणि तिथंच दाराला धरून उभ्या राहिल्या.

"काय झालं, बाबा? पसंत पडला?"

"पडला ना. ईनबाईचा फोन होता, भुपेंद्रच्या आईचा." यादोरावांनी बशीत चहा ओतला. "नवा सेट घ्याची काही गरज नाही म्हणतेत. फागुनात अक्षता पडल्या का तुह्यासंगं हाच परत पाठवून देऊ."